आमची आत्या कृष्ण होती तेव्हा

माझी आत्या देव होती, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इतर मुलींच्या आत्या दिवाळीला फ्रॉक पाठवायच्या, नाहीतर लग्नात रुसून बसायच्या. आमची आत्या कृष्ण होती. बोलपट नवे नवे निघाले होते, तेव्हाच्या एका पौराणिक बोलपटात पाळण्यात निजलेला जो तान्हा कृष्ण होता, तो म्हणजे ती. हे ती स्वतःच सांगायची, आणि अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याचे हात आपसूक जोडले जावेत. गावात अजूनही तिला मागून 'देव' म्हणतात. "काय, देव आज स्वतः आले दळण घेऊन?" असं गिरणीवाला विचारतो, आणि देव त्याला चारचौघांत शिव्या घालतो.

मी सगळी नोकरी नगरच्या कोर्टात स्टेनो म्हणून केली. माणसं शपथेवर काय काय ठोकून देतात ते ऐकता ऐकता आणि लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. त्यामुळे आत्याची ही साक्ष मला कधी फारशी पटली नव्हती. एकदा ती सिनेमाची कंपनी पुण्याला असायची, पुढच्या वेळी कोल्हापूरला. एकदा पाळणा चांदीचा, तर एकदा लाकडाचाच, वरून चंदेरी कागद डकवलेला. मी बोट ठेवलं की म्हणायची, "मी तान्ही हुते गं भवाने, मला काय पत्ता इचारते?" यावर कुठला वकील काय बोलणार?

गोष्टीचा गाभा मात्र कधी बदलला नाही. माझे आजोबा पारनेरकडचे शेतकरी. गाईंचा त्यांना भारी नाद. कंपनीला गोकुळ उभं करायचं होतं, आणि गोकुळ म्हटलं की गाई आल्या. गोवर्धन पडद्यावर रंगवून भागतं, गाय रंगवून भागत नाही. तर आजोबा आपल्या गाई घेऊन तिकडे गेले. बरोबर बायको आणि कडेवरची तान्ही पोर. स्टुडिओच्या मागे एका छपरात गाई, आणि शेजारच्या छपरात यांचा संसार. कृष्णाचं काम करणारं बाळ कुणा बड्या माणसाचं होतं, ते ऐन वेळी तापानं फणफणलं. इकडे देखावा लागलेला, यशोदा दागिने घालून ताटकळत बसलेली. मग कुणाची तरी नजर छपराखालच्या गुटगुटीत पोरीवर गेली. अंगाला कसलासा सावळा लेप लावला, डोक्याला मोरपीस बांधलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि झाला कृष्ण तयार. मुलगी की मुलगा, हे दुपट्यात कोण बघायला जातंय!

पण पोर आईवाचून एक क्षण राहीना. यशोदेनं हात लावला की भोकाड. शेवटी कंपनीतल्या लोकांनी पोरीच्या आईलाच दासीचं लुगडं नेसवलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. शेतकऱ्याची बायको आणि सिनेमात! आजोबा याला कसे काय तयार झाले, ते आत्यालाही कधी कळलं नाही. आजोबा त्या विषयावर तोंडच उघडायचे नाहीत.

ती दासी, म्हणजे आत्याची आई, आजोबांची पहिली बायको. आत्या नुकती कुठे चालायला लागली होती, तेव्हा ती कसल्याशा आजारात गेली. मग आजोबांनी दुसरं लग्न केलं, ती माझी आजी. पहिलीचा फोटो नाही, चित्र नाही, काही नाही. आत्याला तिचा चेहरा आठवत नाही. "अगदी आईवर गेलीस गं," असं जुनी माणसं म्हणायची, आणि ते ऐकून ही पोर गुरांच्या हौदावर वाकून पाण्यात आपलं तोंड बघत बसायची. हे तिनंच मला एकदा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्यावरच ओरडली की इतकं बारीक काय बघते माझ्याकडं. देव असल्याची फुशारकी सगळी वरवरची होती. पाळण्यातल्या कृष्णाचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. तिला पाळण्याशेजारची बाई बघायची होती. मरायच्या आत, एकदा.

तो बोलपट तंबूत नगरला आला होता, तेव्हा म्हणे अख्खा गाव बैलगाड्या जुंपून गेला होता. लोकांनी बाहेर चपला काढून ठेवल्या, पडद्यावर फुलं उधळली, आणि बाहेर पडताना बायकांनी खऱ्या बाळाच्या पाया पडायला रांग लावली. पुढे आत्याचं लग्न झालं. तिची सासू दर एकादशीला सकाळी तिला नमस्कार करायची आणि नमस्कार झाला की शेण काढायला गोठ्यात पाठवायची. "देव असले म्हनून काय झालं, गोठा कुनी झाडायचा?" असं आत्याच हसत हसत सांगते. बोलपट मात्र पुन्हा कुणी पाहिला नाही. तंबू गेले, कंपनी बुडाली, रिळं कुठे गेली देव जाणे. आणि इथल्या देवाला तर काहीच माहीत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आत्याला दम लागला म्हणून नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नव्वदीला आलेली बाई. सलाईनच्या हातानं तिनं माझी ओढणी धरली. "पोरी, तुझ्या त्या मोबाईलमधी समदं असतंय म्हनं."

"असतं की."

"मग माझी आय न्हाई का त्यात?"

आजवर मी तिची उलटतपासणी घेतली, शोध म्हणून कधी घेतला नव्हता. घरी आले आणि त्याच दिवसापासून मोबाईल घेऊन बसले.

जुने पौराणिक बोलपट बघायला लागलात तर सांगते, बिचकू नका. आधी कानठळ्या बसतात. पडद्यावर बोलायला मिळालंय याचाच सगळ्यांना इतका आनंद झालेला असतो की शेजारी उभ्या असलेल्या बायकोशीसुद्धा देव मैदानात भाषण केल्यासारखे बोलतात. सगळे समोर तोंड करून उभे. नवरा-बायको भांडतात तेही आपल्याकडे बघून. राक्षस तलवार उपसतो ती आपल्यावरच. घनदाट अरण्यात देवी एकटी विलाप करत असते आणि पेटी वाजत असते. पेटीवाला कुठाय? तर तिथेच, रंगवलेल्या झाडामागे दडलेला. कारण तेव्हा गाणं आधी भरून ठेवायची सोय नव्हती. जो दिसतोय त्यानंच तिथल्या तिथे गायचं, वाजवणाऱ्यांनी आडोशाला बसून वाजवायचं, आणि वर टांगलेल्या एकाच माईकनं ते सगळं गोळा करायचं. एका बोलपटात तर तपश्चर्या चालू असताना झाडामागून कुणीतरी खणखणीत शिंकलं. ऋषींनी डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला. मी हसून हसून बेजार. आमचे हे आतून विचारतात, "काय चाललंय?" म्हटलं, तपश्चर्या.

पण गंमत सांगू? थोड्या दिवसांनी मला ते आवडायला लागलं. आकाशातून विमान येताना त्याची दोरी स्वच्छ दिसते, ढग म्हणजे पिंजलेला कापूस आहे हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तरी देव प्रगट झाले की माझा हात छातीशी जायचा. त्या माणसांचा स्वतःचा विश्वास होता ना. ढग कापसाचे असले तरी नमस्कार खरा होता. मी कोर्टात उलटं पाहिलेलं आहे.

शोधायचं कसं, हा मोठा प्रश्न. आत्याला बोलपटाचं नाव माहीत नाही. कृष्णजन्माचे तुकडे ढिगानं. कुणीतरी जुन्या रिळांचे शौकीन, सापडेल ते जोडून इंटरनेटवर टाकतात. बऱ्याच तुकड्यांची सुरुवातच तुटलेली, नाव नाही, गाव नाही. मी आत्याला फोन करून म्हटलं, एक तरी खूण सांग, जी दुसऱ्या कुणाची असणार नाही. ती म्हणाली, "आमच्या गाईचं डावं शिंग डोळ्यावर आल्यालं हुतं. दादा सांगायचे. ती यशोदंला मारायला धावली हुती." दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

म्हणजे आता गाय शोधायची. यशोदा राहिल्या बाजूला, मी गोकुळातल्या गाईंची शिंगं तपासत बसले. उन्हाळा लागला. आणि एका दुपारी, धान्य निवडता निवडता, एका तुकड्यात गवळणी घागरी घेऊन चालल्या होत्या, त्यांच्या मागून एक पांढरी गाय आली. डावं शिंग वळून खाली, थेट डोळ्यावर. आणि पुढची गवळण, गाणं म्हणता म्हणता, गाईकडे बघत दोन पावलं बाजूला सरकली. मी ताट खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, गाईसाठी. पुढे पाळणा असणार हे कळत होतं, पण मी पुढे बघितलं नाही. आत्याच्या आधी आपण बघायचं, हे काही बरं नव्हतं.

आत्याला फोन केला. "गाय सापडली."

ती म्हणाली, "आन् आय?"

"ती तू बघ. मी येते रविवारी."

रविवारी गावी पोचले तर आत्याच्या दारात चपलांचा हा ढीग. तिच्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, सकाळी डेअरीत दूध घालताना एका बाईला सांगितलं होतं. तेवढं पुरलं. आत्यानं सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या होत्या आणि एकीला आंघोळ केली नाही म्हणून परत पाठवलं होतं. स्वतः इरकली लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर खाटेवर बसली होती. टीव्हीला हार. टीव्हीपुढे निरांजन. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई त्यांनी. म्हनतात आधी दर्शन." नारळ फोडला. पाणी टीव्हीवर उडू नये म्हणून मी मध्ये आडवी उभी राहिले आणि भिजले.

मोबाईल टीव्हीला जोडला. कंस आला, बायका बोटं मोडायला लागल्या. यमुनेला पूर आला, तो कुठल्या तरी हौदातलाच असणार, पण वसुदेवाच्या गळ्यापर्यंत पाणी गेलं तशा सगळ्या पुढे सरकल्या. नागानं फणा धरला तेव्हा दोघीतिघींनी फुलं टाकली. मग गोकुळ. मग गाय. "तीच," आत्या म्हणाली.

मग पाळणा दिसला. लाकडाचाच होता, वर चंदेरी कागद. आत एक काळंसावळं गुटगुटीत बाळ पाय झाडत होतं. बायकांनी हात जोडले, कुणी हसलं, कुणी आत्याच्या पाठीवर थाप मारली, "अगं बया, ह्या तुमीच?" एकच गलका. आत्याचं लक्षच नव्हतं. पाळण्याच्या अलीकडे एक दासी बसली होती. बारीक अंगाची, हातात दोरी. आपल्याकडे पाठ करून.

यशोदा गायला लागली. कॅमेरा हलला नाही. दासीही वळली नाही.

"वळ की," आत्या म्हणाली.

बाळ रडायला लागलं. दासी पाळण्यावर वाकली. पाठ तशीच.

"हिकडं बघ की गं जरा. एकदा बघ की."

यशोदेनं बाळ मागितलं. दासी उठली, बाळ उचलून दिलं, आणि बाजूनं निघून गेली. जाताना तिचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. त्या अख्ख्या बोलपटात भालदार-चोपदारांपासून कंसापर्यंत एकूण एक माणूस आमच्याकडे तोंड करून उभा होता. पाठ होती ती फक्त तिची.

मी तो तुकडा पुन्हा लावला. थांबवून, मोठा करून पाहिला. काही नाही. पदराखालचा अंबाडा, पाठ, लुगड्याचा काठ.

"दादांनी सांगितलं आसंल," आत्या म्हणाली. "माझ्या बायकूचं त्वांड दिसाया नगं, मग काय ते करा." मग तिनं खाटेच्या कडेवर मूठ आपटली. "मला समद्यांम्होरं देव केली ते चाललं. तिचं त्वांड तेवढं चाललं न्हाई. घरात बी पदर, शिनेमात बी पदर. लई केलं दादा, लई चांगलं केलं." आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

बायका एकेक करून उठल्या. दारातल्या ढिगातून आपापल्या चपला शोधून घरी गेल्या. नारळाचा प्रसाद तसाच राहिला. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. म्हातारीला आशेवर ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? नव्वद वर्षं ती चेहऱ्यावाचून जगली होती, पण आता तो कधीच दिसणार नाही हे तिला मी दाखवून दिलं. आजोबांचाही राग आला. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, म्हणून मी उठून टीव्हीचा हार काढून टाकला.

मग उंबऱ्यात बसले आणि इयरफोन लावून तोच तुकडा पुन्हा काढला. का, ते सांगता येणार नाही. कोर्टातली खोड म्हणा. साक्षीदाराचं पुरतं लिहून झालेलं नसेल तर मला चैन पडत नाही. गलक्यात आम्ही नुसतं बघितलं होतं, ऐकलं कुणीच नव्हतं. यशोदेचं गाणं, चांगलं पुस्तकी, साजूक तुपातलं मराठी. आडोशाची पेटी. बाळाचं रडणं. एक ओळ संपली, यशोदेनं श्वास घेतला, दासी पाळण्यावर वाकली. आणि तेवढ्या फटीत आणखी एक आवाज होता.

मी मागे नेलं. पुन्हा ऐकलं. कोवळा, घाईचा, कुजबुजल्यासारखा. माईक नेमका पाळण्याच्या वर टांगलेला असणार. त्याला काय कळतंय, कुणाचं तोंड झाकायचं ते. गोकुळाच्या मधोमध तो आवाज आमच्या पारनेरकडच्या बोलीत बोलत होता.

मी आत गेले, खाटेवर टेकले आणि म्हटलं, "आत्या, उठ. ऐक."

"मला आता काय बी बगायचं न्हाई."

"बघू नको. डोळे मीट. नुसतं ऐक."

पदर बाजूला सारून तिच्या कानात इयरफोन घातला, दुसरा माझ्या कानात ठेवला. गाणं सुरू झालं. बाळ रडायला लागलं. ओळ संपली.

"उगी, माझी बाय, उगी. मी हितंच हाय."

आत्या हलली नाही. आधी मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "परत."

मी परत लावलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. आत्याच्या बंद डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं आणि ती पुसत नव्हती. माझ्या आजीला ती जन्मभर मावशी म्हणाली, सासूला आत्याबाई. आई म्हणून हाक मारायला तिला समज आल्यापासून कुणी मिळालंच नव्हतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा लावलं. उगी, माझी बाय, उगी. मी हितंच हाय. पाळण्यातलं बाळ रडायचं थांबलं.

"व्हय, आये," आत्या म्हणाली.